रस्त्याकडेच्या झाडांनी वाहनांचा आवाज खरंच कमी होतो का?

सावलीप्रेमी

आमच्या इमारतीच्या एका अंगाला मोठा रस्ता आहे. दिवसरात्र वाहतूक. रहिवाशांच्या बैठकीत सध्या दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, कुंपणाच्या आतून झाडांची एक रांग लावा, चार-पाच वर्षांत आवाज निम्म्यावर येईल. दुसरा तट म्हणतो, झाडाबिडांनी काही होत नाही, कुंपणाची भिंत उंच करा, आणि तिच्या आड येणारी दोन जुनी झाडं काढून टाका.

मी झाडांच्या बाजूचा, हे नावावरून कळलंच असेल. पण बैठकीत ठामपणे बोलायला माझ्याकडे 'झाडे ध्वनिप्रदूषण कमी करतात' या पाठ्यपुस्तकी वाक्यापलीकडे काही नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. किती डेसिबल कमी होतात? कोणती झाडं लावावीत? पानगळीची की सदाहरित? आणि किती रांगा?

तिरपागडा

ते वाक्य पाठ्यपुस्तकात आहे म्हणूनच मला त्याचा संशय येतो. झाड म्हणजे चाळण हो. ज्यातून ऊन येतं, वारा येतो, पाऊस येतो, त्यातून आवाज तेवढा येणार नाही, असं कसं? झाडं जरूर लावा, सावलीसाठी लावा, पण आवाजाच्या नावाखाली वर्गणी गोळा करू नका.

रेझोनन्स

ध्वनिशास्त्राशी रोजचा संबंध आहे म्हणून जरा लांबण लावतो.

तिरपागडा यांचं म्हणणं एका रांगेपुरतं बरोबर आहे. एका रांगेतल्या झाडांनी मोजून दाखवता येईल असा फरक जवळपास पडत नाही. पण 'झाडांनी काही होत नाही' हे त्यातून निघत नाही.

आधी 'निम्मा आवाज' या शब्दाचा निकाल लावू. रस्त्यावरची निम्मी वाहनं उद्या गायब झाली, तरी ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलनी उतरते. कानाला निम्मं वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते, म्हणजे दहातली नऊ वाहनं गायब व्हायला हवीत. १ डेसिबलचा फरक रस्त्यावर उभं राहून कुणालाही कळत नाही. झाडांच्या एका रांगेकडून १० डेसिबल मागणं म्हणजे काय, याचा यावरून अंदाज यावा.

आता पानं का अडवत नाहीत ते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणून १०० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, लहरीची लांबी भरते ३.४ मीटर, १००० हर्ट्‌झची ३४ सेंटिमीटर आणि ४००० हर्ट्‌झची साडेआठ सेंटिमीटर. लहरीच्या मानाने अडथळा फार लहान असला की लहर त्याला वळसा घालून निघून जाते. पान पाच-दहा सेंटिमीटरचं. त्यामुळे ते फक्त वरच्या, तीक्ष्ण स्वरांना विखुरू शकतं, आणि थोडं स्वतः थरथरून त्यातली ऊर्जा खाऊ शकतं. जड वाहनांच्या इंजिनाची घरघर असते ६३ ते १२५ हर्ट्‌झच्या आसपास, टायरची सरसर १००० हर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे ज्या पट्टीत पानं काम करतात तिथे वाहतुकीची ऊर्जा फार थोडी.

आकडेच हवे असतील तर ध्वनी बाहेर कसा पसरतो याचं गणित ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर चालतं, त्या आयएसओ ९६१३ च्या दुसऱ्या भागात (१९९६ ची आवृत्ती) पालवीसाठी एक छोटं कोष्टक आहे. पालवी इतकी दाट की आरपार दिसत नाही, अशी अट. अशा पालवीतून आवाज १० ते २० मीटर गेला तर ६३ आणि १२५ हर्ट्‌झला घट शून्य, २५० ते २००० हर्ट्‌झपर्यंत १ डेसिबल, ४००० ला २ आणि ८००० ला ३. त्यापुढे २०० मीटरपर्यंत १००० हर्ट्‌झला दर मीटरमागे ०.०६ डेसिबल. म्हणजे १०० मीटर गच्च झाडी असेल तर कुठे ६ डेसिबल मिळतात.

तुमच्या कुंपणाच्या आत किती जागा आहे?

सावलीप्रेमी

जागा? भिंत आणि इमारत यांच्यात जेमतेम सहा-सात मीटर, त्यातही निम्म्या भागात गाड्या लागतात आणि खाली फरशीचे ठोकळे बसवलेत.

पण मग एक सांगा. मोठ्या उद्यानात शिरल्यावर थोडं आत गेलं की रस्ता विझल्यासारखा वाटतो. तो भास का?

रेझोनन्स

भास नाही, पण श्रेय पानांना देऊ नका. पहिलं कारण अंतर. वाहता रस्ता हा रेषेसारखा स्रोत, त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की पातळी ३ डेसिबलनी उतरते. १० मीटरवरून ८० मीटरवर गेलात की ९ डेसिबल नुसत्या अंतरानेच गेले, मध्ये एकही झाड नसलं तरी. दुसरं कारण जमीन, आणि ती झाडांचीच देणगी आहे. पण ते मृद्गंध यांनी सांगितलेलं बरं, त्या या धाग्यावर आल्या नाहीत तर आश्चर्य.

मृद्गंध

आले, आले.

झाडाखालची जमीन आणि मोकळ्या मैदानाची जमीन एक नसते. पालापाचोळा पडतो, कुजतो, त्याचा भुसभुशीत थर बनतो. मुळं माती फोडतात, गांडुळं बिळं करतात. हाताने दाबलं तर दबते अशी ती माती असते, तिच्यात हवेच्या पोकळ्या भरपूर. आता आपण करतो काय? रोज पाचोळा झाडून जाळायचा किंवा पिशव्या भरून पाठवायचा, बुंध्यापर्यंत फरशी आणायची, झाडाला वर्तुळाकार ओटा बांधायचा. झाड उभं राहतं, पण त्याच्या खालचं सगळं मेलेलं असतं. असं झाड आवाजाचं काय करणार? सावलीप्रेमी, तुमचे ते फरशीचे ठोकळे पहिले बघा.

रेझोनन्स

बरोबर तेच. यामागचं भौतिकशास्त्र थोडक्यात: वाहनाचा आवाज तुमच्या कानापर्यंत दोन वाटांनी येतो, एक सरळ, एक जमिनीवर आपटून. जमीन टणक असली तर आपटलेला आवाज जवळजवळ पूर्ण परत येतो आणि सरळ आवाजात भर घालतो. जमीन सच्छिद्र असली तर लहर पोकळ्यांत शिरते, काही ऊर्जा तिथेच घासून मरते, आणि जी परत येते ती सरळ लहरीशी जुळत नाही, काही पट्ट्यांत दोघी एकमेकींना खोडतात. झाडीतल्या मऊ जमिनीवर हे खोडणं साधारण काहीशे हर्ट्‌झच्या पट्टीत होतं, म्हणजे नेमकं तिथे, जिथे पानं हात टेकतात. अमेरिकेत डोनाल्ड एलर यांनी १९७२ मध्ये मक्याच्या शेतात आणि झाडीत मोजमापं करून हे वेगळं काढून दाखवलं होतं: खालचे स्वर जमीन खाते, वरचे स्वर पालवी आणि खोडं विखुरतात.

खोडांबद्दलही एक. साल आवाज शोषते असा समज आहे. तिच्यावर पडलेल्या ऊर्जेचा फार छोटा हिस्सा, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, ती शोषते. खोडांचं काम शोषण्यापेक्षा आवाज वारंवार परतवून, तो इतस्ततः पसरवण्याचं. त्यासाठी खोडं जाड आणि एकमेकांच्या जवळ हवीत. पानं नसली तरी हे काम चालू राहतं, म्हणून पानगळीचं झाड की सदाहरित हा प्रश्न आवाजापुरता तरी लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. एक शंका. मी फोनमधल्या अ‍ॅपने उद्यानाच्या आत आणि फाटकाशी मोजून पाहिलंय, चांगला घसघशीत फरक दिसतो. पण तो अंतराचा किती आणि झाडांचा किती, हे कसं ओळखायचं?

रेझोनन्स

त्याच रस्त्यापासून तेवढ्याच अंतरावर, पण झाडं नसलेल्या मोकळ्या जागेत मोजायचं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे झाडी आणि तिच्या जमिनीचा वाटा. फोनचा आकडा खरा धरू नका, माइकचं अंशांकन (कॅलिब्रेशन) झालेलं नसतं. पण एकाच फोनने दोन ठिकाणी घेतलेल्या आकड्यांची तुलना बऱ्यापैकी चालते. वारा नसताना मोजा. एखाद्या क्षणाचा आकडा न घेता दहा-पंधरा मिनिटांची सरासरी घ्या, नाहीतर एक ट्रक सगळं गणित बिघडवतो. माइकला फोम लावला तर उत्तम.

तिरपागडा

सारांश: सहा मीटरात झाडांनी काही होत नाही. क्यू.ई.डी., म्हणजे सिद्ध झालं. भिंत बांधा.

चाकोरी

रस्ते-वाहतूक हा माझा प्रांत, म्हणून भिंतीबद्दल मी बोलतो.

अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाचा ढोबळ हिशेब असा: भिंत एवढी उंच झाली की तिच्याआडून वाहन दिसेनासं होतं, तेव्हा सुमारे ५ डेसिबल मिळतात, आणि त्यापुढे वाढवलेल्या प्रत्येक मीटरमागे दीड डेसिबल. त्याच प्रशासनाने झाडीबद्दलही लिहिलंय: २०० फूट रुंद, दाट झाडीचा पट्टा १० डेसिबल कमी करू शकतो, पण इतकी झाडी रस्त्याकडेला लावायला जागा बहुधा नसतेच. २०० फूट म्हणजे ६१ मीटर. एवढी जागा असती तर तिथे आणखी एक इमारत उभी राहिली असती, हे तुम्हीही जाणता.

मात्र भिंतीची पथ्यं कडक आहेत. ती सलग हवी. फाटकासाठी एक खिंड, तळाशी एक फट, की आवाज तिथून आत. ती जड हवी, पातळ पत्रा चालत नाही. ती रस्त्याच्या अगदी जवळ किंवा ऐकणाऱ्याच्या अगदी जवळ असली तर उपयोगी, मधोमध असली तर कमी. आणि ती टणक असली तर आवाज समोरच्या बाजूला परततो, म्हणजे तुमची झोप समोरच्यांना विकता.

आता खरा प्रश्न. सावलीप्रेमी, तुम्ही कितव्या मजल्यावर?

सावलीप्रेमी

चौथ्या. इमारत सात मजली.

चाकोरी

मग विषयच संपला. भिंतीने आवाजाची सावली पडते, उन्हाची पडते तशीच खालच्या बाजूला. कुंपण अडीच-तीन मीटरचं केलंत तर तळमजल्याला फायदा, पहिल्या मजल्यावर संशय, चौथ्यावर शून्य. तुमच्या खिडकीतून रस्ता सरळ दिसतो ना? जे दिसतं ते ऐकू येतं.

बैठकीत भिंतीसाठी हात वर करणारे बहुतेक कुठल्या मजल्यावरचे आहेत, ते एकदा बघा. :)

तिरपागडा

हाहा, हे बाकी खरं निघणार. आमच्या इथेही लिफ्टच्या आणि गच्चीच्या खर्चावर तळमजल्याचंच मौन असतं.

पण मग झाडं चौथ्या मजल्यापर्यंत उंच झाली तर? शेंडा खिडकीसमोर आला तर?

रेझोनन्स

शेंडा म्हणजे चार-पाच मीटर जाडीची पालवी, तीही पोकळ. वर दिलेल्या कोष्टकाने हिशेब केलात तर १ डेसिबलसुद्धा हाती लागत नाही. उलट काही ठिकाणी शेंडे उपद्रव देतात. भिंतीवरून वर निघून जाणारा आवाज उंच शेंड्यांवर आपटून खाली, भिंतीच्या सावलीत विखुरतो. वरच्या स्वरांत हे जाणवतं. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यातही वरची पालवी थोडा आवाज खाली परतवते, थोडा विखुरते; निव्वळ हिशेब फार मोठा नसतो.

मात्र भिंत आणि झाडं यांचं एक चांगलं जमतं. वारा रस्त्याकडून घराकडे वाहत असला की भिंतीच्या माथ्याशी वाऱ्याचा वेग एकदम बदलतो, आवाज खाली वाकतो आणि भिंत असून नसल्यासारखी होते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी (टिमोथी व्हान रेन्टर्गेम आणि डिक बोटेलडोरेन) या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं, की भिंतीमागे झाडांची रांग असली तर ती वारा मोडते आणि भिंतीचा गेलेला फायदा काही अंशी परत मिळतो. तिथे शेंडा वारा पुरता अडवणारा नको, थोडी हवा जाऊ देणारा हवा.

याच मंडळींचा आणखी एक निष्कर्ष या धाग्यासाठी महत्त्वाचा. २००९ ते २०१३ या काळात युरोपात होसॅना नावाचा प्रकल्प झाला, नैसर्गिक साधनांनी रस्त्याचा आवाज कसा अडवता येईल यावर. त्यात संगणकावर झाडांच्या पट्ट्यांची मांडणी बदलून बदलून पाहिली गेली. नीट आखलेला १५ मीटर खोल पट्टा, मऊ जमिनीवर, जाड आणि जवळजवळ लावलेल्या खोडांचा, हा रस्त्याकडेच्या एक ते दीड मीटर उंच पातळ भिंतीच्या तोडीला येतो. १५ मीटर म्हणजे ६१ मीटरच्या मानाने कितीतरी कमी. खोडांतलं अंतर रस्त्याला समांतर दिशेने कमी ठेवायचं, पट्ट्यात मधली एखादी रांग गाळली तरी फारसं बिघडत नाही, आणि झाडं अगदी रेघेत नसून थोडी इकडेतिकडे असली तर उलट बरं. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण त्यात 'झाडं लावा' एवढ्यावर न थांबता कुठे आणि कशी ते सांगितलंय.

खिडकीपाशी

पहिल्यांदाच लिहितेय. मानसशास्त्राच्या बाजूने थोडं.

आतापर्यंतची सगळी चर्चा मीटरवरच्या आकड्याची झाली. पण तुम्ही बैठक कशासाठी भरवलीत? त्रास होतो म्हणून. आणि त्रास हा नुसता डेसिबलवर ठरत नाही. गेंटमध्येच गजबजलेल्या रस्त्यांवरच्या घरांत पाहणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली. बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून हिरवळ, झाडी दिसते अशा घरांतल्या लोकांनी सांगितलेला त्रास, तेवढ्याच आवाजात राहणाऱ्या पण झाडी न दिसणाऱ्यांच्या मानाने पुष्कळच कमी होता. स्वीडनमध्ये २००७ च्या एका अभ्यासात घराजवळ जाण्याजोगी हिरवी जागा असण्याचाही असाच परिणाम दिसला. मग झाडांनी आवाजाचा त्रास कमी होतो, हे वाक्य खोटं कसं?

तिरपागडा

म्हणजे मनाची समजूत.

खिडकीपाशी

त्रास ही मनाचीच गोष्ट आहे, तिरपागडा. तुम्हाला नळ गळण्याचा आवाज रात्री छळतो आणि पावसाचा छळत नाही, दोन्हींचे डेसिबल तपासून बघा.

पण मी एकच बाजू सांगितली तर ते बरोबर नाही. उलट निकालही आहेत. एलर आणि मार्क्स यांनी १९७६ मध्ये लोकांना वेगवेगळ्या आडोशांमागून आवाज ऐकवले. स्रोत थोडासा दिसत असताना तो कमी वाटला, पण पूर्ण झाकला गेल्यावर लोकांना तोच आवाज अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. डोळ्यांनी 'आता आड गेलं' म्हटलं की कान शांततेची अपेक्षा करतो आणि ती मिळाली नाही की चिडतो. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये वाहतुकीच्या आवाजावरच केलेल्या प्रयोगातही झाडीने वाहनं झाकलेल्या ठिकाणी लोक आवाजाबाबत अधिक हळवे निघाले. त्यामुळे मला वाटतं, झाडी 'दिसणं' आणि रस्ता 'न दिसणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुण पहिलीचा आहे. खिडकीसमोर हिरवा पडदा लावून रस्ता पुसून टाकायचा प्रयत्न करू नका. झाडं दिसू देत, त्यातून रस्ताही दिसला तरी चालेल.

रेझोनन्स

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

फक्त एक मर्यादा नोंदवतो. दिवसाच्या त्रासाचं तुम्ही म्हणता तसं. पण झोपेत झाड दिसत नाही. झोपलेल्या माणसाचं शरीर ट्रक गेला की प्रतिसाद देतं, नाडी वाढते, झोपेची खोली कमी होते, सकाळी त्याला आठवतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्याच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ डेसिबल आणि फक्त रात्रीसाठी ४५ डेसिबल अशा मर्यादा सुचवल्यात, घराबाहेर मोजलेल्या. तुमच्यासारख्या इमारतीत रात्रीचा आकडा याच्या बराच वर असणार. तिथे झाडांचं दर्शन कामाचं नाही. झोपायची खोली मागच्या बाजूला नेणं, खिडकीची काच आणि तिच्या कडेची फट, हे बघावं लागतं. काच जाड केली आणि कडेला बोटभर फट ठेवली तर पैसे वाया.

अनुस्वार

अवांतर: पानांच्या सळसळीचं आणि पक्ष्यांचं कुणीच काही बोललं नाही. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक, जरा वारा आला की अख्खं झाड वाजतं. त्यानेही रस्ता झाकला जात असेल ना?

रेझोनन्स

वाहतूक लांब आणि मंद असेल तर हो, थोडंफार. जवळच्या मोठ्या रस्त्याला सळसळ झाकू शकत नाही. सळसळ वरच्या स्वरांची, घरघर खालच्या. पण पक्ष्यांच्या आवाजाकडे लक्ष वेधलं जातं, आणि जागा सुखद वाटते, हे खरं. बिचाऱ्या पक्ष्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ मध्ये दिसलं, की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट, म्हणजे आपल्या रामगंगेचे भाऊबंद, आपल्या गाण्यातले खालचे स्वर वर चढवून गातात, रस्त्याच्या घरघरीत बुडू नयेत म्हणून.

चाकोरी

मी परत माझं तुणतुणं वाजवतो. आवाज जिथे जन्मतो तिथे कमी करणं सगळ्यात स्वस्त, आणि सातव्या मजल्यालाही तेवढाच फायदा. मोटारींचा वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वर गेला की इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा असतो. म्हणून विजेच्या गाड्या आल्या तरी वेगवान रस्ता फारसा शांत होणार नाही. वेग पन्नासवरून तीसवर आणला तर दोन-तीन डेसिबल सहज उतरतात. म्हणजे रेझोनन्स यांच्या कोष्टकाने चाळीसेक मीटर दाट झाडीएवढे. सच्छिद्र डांबराचा थरही नवा असताना तीनेक डेसिबल देतो, पुढे त्याची छिद्रं धुळीने बुजतात आणि फायदा घटत जातो. खड्डा, उखडलेलं झाकण, चुकीच्या जागचा गतिरोधक, यांचे धडाके तर सरासरीत दिसतही नाहीत, पण झोप तेच मोडतात. रहिवाशांनी मिळून अर्ज करायचाच असेल तर तो वेगासाठी आणि त्या झाकणासाठी करावा.

आणि हॉर्न. त्याचा मूळ स्वर चार-पाचशे हर्ट्‌झचा, पण टोचतात ते त्याचे वरचे दोन ते चार हजार हर्ट्‌झचे स्वर. दाट पालवी त्याची धार थोडी बोथट करते. सगळ्या धाग्यात झाडाच्या पानाला मिळालेला हा एक छोटा विजय.

सावलीप्रेमी

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. बैठकीत आता 'निम्मा आवाज' हा शब्द मी स्वतःच खोडणार आहे. मांडायचं ते असं: फरशीचे ठोकळे गाड्यांपुरते ठेवून बाकीचे काढायचे, तिथे माती मोकळी करून पाचोळा तसाच राहू द्यायचा, आणि भिंतीलगत खालपासून भरगच्च कुंपणवेली-झुडपं. झुडपांचा काही उपयोग?

मृद्गंध

झुडपांची रांग नुसत्या झाडांच्या रांगेपेक्षा बरी, कारण ती जमिनीपासून भरलेली असते, तर झाडाखाली सगळं उघडं. खालपर्यंत फांद्या राहतील अशी, छाटणी सोसणारी जात घ्या. वेली भिंतीवर चढवल्यात तर भिंतीचा टणकपणाही थोडा मोडेल.

रेझोनन्स

आकडा: गेंटच्याच गटाने २०१४ मध्ये प्रत्यक्ष कुंपण-झुडपांवर मोजमापं प्रसिद्ध केली, मोटारींच्या आवाजात १.१ ते ३.६ डेसिबलची घट. त्यातली जास्तीची घट बहुधा झुडपाखालच्या मऊ मातीमुळे. तळमजल्यापुरतं बोलतोय, चौथ्या मजल्याला काही नाही. शिवाय दाट झुडपं रस्ता आणि पायवाट यांच्यामध्ये असली तर धूरही थोडा अडतो. उंच इमारतींमधल्या अरुंद रस्त्यात मोठ्या झाडांचं छत मात्र कधीकधी धूर खालीच कोंडतं.

सावलीप्रेमी

आणि शेवटचं. भिंत उंच करायचंच ठरलं, तर ती दोन जुनी झाडं वाचवता येतील का? कंत्राटदार म्हणतो, पायासाठी चर खणावा लागेल आणि मुळं मध्ये येताहेत.

मृद्गंध

सलग चर खणूच देऊ नका. जाड मुळं एका बाजूने कापली गेली की झाड लगेच मरत नाही, पण पुढच्या एखाद्या वादळात त्याच बाजूचा आधार नसल्याने पडतं, आणि मग 'झाडं धोकादायक असतात' म्हणायला सगळे मोकळे. बुंध्याच्या आसपास मुळं चुकवून हाताने खड्डे घ्यायचे, त्यात खांब उभे करायचे, खांबांवर जमिनीच्या थोडी वर तुळई टाकायची आणि भिंत तुळईवर उचलायची. कंत्राटदाराला खांबांमधलं अंतर बदलता येईल का विचारा, बहुतेकदा येतं.

चाकोरी

चालेल, पण तुळईखाली फट राहील. मी वर म्हटलंय, फट म्हणजे आवाजाला दार.

मृद्गंध

फटीत भुसभुशीत माती आणि पाचोळा भरा, दोन्ही बाजूंनी थोडा उतार देऊन. भर हलकी आणि फटीपुरतीच असू द्या, मुळांवर जाड थर किंवा बुंध्याला टेकलेली माती नको, साल कुजते. दर पावसाळ्यानंतर खचलेली माती पुन्हा भरावी लागेल, तेवढं कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.